भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि आमच्या मुलखातले सोने

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ह्या संस्थेस ४ मार्च २०२६ रोजी १७५ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत बेळगाव-निपाणी भागातील वाचकांसाठी संस्थेचा इतिहास लिहावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मनात आले ते हेच की, हिमालयापासून अंदमानापर्यंत पसरलेल्या ह्या अजस्र कार्याचा आढावा चार पानांत घेऊ पाहणे म्हणजे घटप्रभेचा पूर तांब्यात मावविण्याचा खटाटोप होय. तेव्हा एकच धागा हाती धरला आहे, आणि तो आपल्या परिसरातला आहे: बेळगावहून धारवाड, हुबळी ओलांडून गदगेच्या आग्नेयेस गेले म्हणजे जो कप्पतगुड्ड नावाचा उघडा, वाऱ्याने झोडपलेला डोंगर लागतो, त्याच्या कुशीतल्या सोन्याच्या खाणी. त्या आज ओस आहेत. संस्थेने त्या उघडल्या नाहीत आणि बंदही केल्या नाहीत. परंतु त्यांच्याविषयी वेळोवेळी जे खरे ते सांगण्याचे काम मात्र तिने केले, आणि एखाद्या संस्थेचा कस तिने काय मिळवून दिले ह्यावर जितका ठरतो तितकाच, लोकांना जे ऐकायचे होते ते सांगण्याचे तिने कसे टाळले ह्यावरही ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सोन्याशी आपला संबंध आजचा नव्हे. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकसमयी पाडलेल्या नाण्यास आपण होन म्हणतो. तो शब्द कानडीतील होन्नु, म्हणजे सोने, ह्यावरून आलेला. शहापुरातील सोनारांच्या दुकानांपुढची माती झाडून नेऊन ती धुणारा झारेकरी आमच्या पिढीने पाहिलेला आहे, आणि त्याच्या पाटीत दिवसभराच्या श्रमानंतर जे गुंजभर चकाकणारे उरे, त्याचा हिशेब तो किती काटेकोरपणे करी, हेही पाहिलेले आहे. पुढे ज्यांचा उल्लेख यावयाचा ते कप्पतगुड्डाखालचे जलगार म्हणजे निसर्गाच्या दुकानापुढचे झारेकरीच.

१८५१ ते १८६०: एका खोलीतला संसार

संस्थेचा जन्म सोन्यासाठी झाला नाही, कोळशासाठी झाला. आगबोटी आणि पुढे आगगाड्या ह्यांना लागणारा कोळसा विलायतेहून आणणे कंपनी सरकारास परवडेना, म्हणून १८३० च्या दशकात कलकत्त्यास कोळशाच्या चौकशीसाठी एक समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवरून डेव्हिड हायरम विल्यम्स नावाचे भूवैज्ञानिक विलायतेहून आले. परंतु जंगलातल्या तापाने १८४८ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या जागी आयर्लंडातून टॉमस ओल्डहॅम हे गृहस्थ ४ मार्च १८५१ रोजी कलकत्त्यास रुजू झाले, आणि तोच संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. त्या दिवशी संस्था म्हणजे काय होते? एक खोली, तीत एक पेटी आणि हाताशी एक शिपाई. ना ग्रंथालय, ना संग्रहालय, ना मदतनीस. ओल्डहॅम ह्यांनी पाव शतक ह्या संसाराचा भार वाहिला. दप्तराची शिस्त त्यांनी अशी बसवून दिली की, प्रत्येक अधिकाऱ्याने हिवाळ्यात मुलूख पायाखाली घालावा, पावसाळ्यात मुक्कामी बसून नकाशा व अहवाल पुरा करावा, आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहू नये.

ही मोजणी महसूल खात्याच्या मोजणीहून निराळी होती. महसुली पैमाशीत जमिनीच्या पृष्ठाचा हिशेब, येथे पृष्ठाखालचा. शेतकऱ्यास प्रथम वाटले की, हा कोणी नवा कर बसविणारा साहेब आला. हातोड्याने दगड फोडून त्याचे तुकडे थैलीत भरणारा मनुष्य सारा वाढविण्यासाठीच आला असला पाहिजे, असे त्याने मानले तर त्यात त्याचे काय चुकले? पुष्कळ तरुण अधिकारी ह्या पहिल्या काळात हिवतापाने गेले. अनेक अनामिक खलाशी, गाडीवान, भिस्ती व चपराशी ह्यांच्या पायपिटीवर पुढचे नकाशे उभे आहेत, ह्याचे स्मरण अशा प्रसंगी ठेवणे अगत्याचे आहे.

१८६१ ते १८७०: दक्षिण मराठा मुलखात

रॉबर्ट ब्रूस फूट हे १८५८ मध्ये संस्थेच्या चाकरीत आले आणि मद्रासकडे तैनात झाले. १८६३ च्या मे महिन्यात मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना एक दगडी हातकुऱ्हाड सापडली आणि हिंदुस्थानात अश्मयुगीन मानव होता ह्याचा पुरावा पुढे आला. पण आपल्या दृष्टीने त्यांचे खरे कार्य निराळे. ज्याला त्या काळी दक्षिण मराठा मुलूख म्हणत, त्या बेळगाव, धारवाड, कलादगी ह्या जिल्ह्यांची आणि त्यांत विखुरलेल्या पटवर्धनादी जहागीरदारांच्या गावांची भूस्तरीय पाहणी त्यांनी केली, आणि तिचा ग्रंथ संस्थेच्या ‘मेमॉयर्स’ मालेच्या बाराव्या खंडात १८७६ साली प्रसिद्ध झाला. बेळगावच्या माणसाने आपल्या घरामागच्या दगडाची ओळख करून घ्यायची तर आजही येथूनच प्रारंभ करावा लागतो.

ह्या ओळखीचा सारांश थोडक्यात असा. निपाणीची तंबाखू ज्या काळ्या मातीत पिकते, ती माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून, म्हणजे दक्षिणी कातळापासून, झिजून झालेली आहे. बेळगाव शहराची तांबडी जांभ्याची भूमी हीही त्याच कातळाची उन्हापावसाने झालेली परिणती. पूर्वेस गोकाककडे जाऊ लागले म्हणजे कातळाची ही चादर विरते आणि खालून वालुकाश्म उघडा पडतो. घटप्रभा १७० फूट खाली उडी घेते ती ह्याच वालुकाश्माच्या कड्यावरून. ह्या थरास फूट ह्यांनी कलादगी गावाचे नाव दिले. आणि कलादगीच्याही खाली, उभे वळलेले, पिळवटलेले, हिरवट-काळे असे जे अतिप्राचीन खडक आहेत, ते धारवाडचे. सोने असते ते तेथे. निपाणीकराच्या पायाखाली ते असेलच तर दक्षिणी कातळाच्या जाड थराखाली गाडलेले आहे. त्याच्या वाट्याला वर तंबाखू आली, आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहता त्यात त्याचे नुकसान झाले असे म्हणवत नाही.

जाता जाता एक गोष्ट. गोकाकजवळ चिकदवली येथे नदीकाठच्या मातीत फूट ह्यांना गेंड्याची हाडे मिळाली, आणि नष्ट झालेल्या त्या जातीस त्यांनी ‘डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असे नाव देऊन १८७४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ज्या रानात ऊस आणि मका उभा असतो, तेथे एके काळी गेंडे चरत होते, ही बातमी आपल्या जिल्ह्यास सर्वेक्षणामुळे कळली.

१८७१ ते १८८०: डंबळचे डोंगर आणि जलगार

कप्पतगुड्ड हे वाळवंट नव्हे. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत दूर पडलेला तो मुलूख, जेथे बेळगावच्या निम्म्यानेच काय तो पाऊस पडतो, उन्हाळ्यात वाळवंटाची आठवण करून देतो. खुरटी झुडपे, तापलेला दगड आणि अखंड वारा. पावसाळ्यात मात्र डोंगरातून उतरणारे ओढे एकाएकी फुगतात, आणि पूर ओसरला की धोनी, सोरटूर ह्या गावांजवळच्या ओढ्यांत जलगार उतरत. ओढ्याच्या वळणावर, खडकाच्या फटीत साचलेली जड काळी रेती ते लाकडी परातीत घेत, पाण्याने धूत, पाऱ्याने कण गोळा करीत. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नव्हती. कोणत्या वळणावर पाणी मंदावते आणि म्हणून कोठे जड कण बसतात, हे त्यांस पिढीजात ठाऊक होते. कॅप्टन न्यूबोल्ड ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ह्या सोन्याची वार्ता लिहून ठेविली होती. आपल्या बेळगाव जिल्ह्यातही बैलहोंगल, बेळवडी ह्या बाजूच्या ओढ्यांत सोन्याचे कण मिळत असल्याचा उल्लेख जुन्या ग्रंथांत आढळतो.

१८७४ मध्ये फूट ह्यांनी डंबळच्या डोंगरांची, म्हणजे कप्पतगुड्डाचीच, सुवर्णयुक्त खडकांच्या दृष्टीने पाहणी करून संस्थेच्या ‘रेकॉर्ड्‌स’मध्ये अहवाल छापला. त्यांनी ओढे धुऊन पाहिले, गारेच्या शिरा फोडून पाहिल्या, आणि सोने आहे असे लिहिले. पण ते उत्साहाच्या भरात वाहून गेले नाहीत. जलगारांची कमाई जेमतेम पोटापुरती आहे, आणि मोठे भांडवल ओतण्याजोगी ग्वाही हे डोंगर देत नाहीत, असाच त्यांच्या निरीक्षणाचा रोख होता. सरकारी अहवालात सोन्याचे नाव काढून लगेच हात आखडता घेणारे अधिकारी थोडे असतात. त्याच सुमारास वायनाडच्या टेकड्यांत सोन्याच्या शिरा सापडल्या आणि १८८० च्या आगेमागे लंडनच्या बाजारात कंपन्यांचे असे काही पेव फुटले की, कागदावरचे सोने खाणीतल्या सोन्यापेक्षा शतपटीने जास्त झाले. दोन-तीन वर्षांत तो फुगा फुटला. वायनाडच्या चहा-कॉफीच्या मळ्यांत ह्या कंपन्यांच्या गंजलेल्या यंत्रांचे सांगाडे पुढे कैक वर्षे पडून होते.

ह्याच दशकात संस्थेच्या अंतरंगातही एक पालट झाला. १८७३-७४ मध्ये रामसिंग, किशनसिंग, हिरालाल हे पहिले एतद्देशीय उमेदवार घेण्यात आले, आणि १८८० मध्ये प्रमथनाथ बसू हे विलायतेत शिकलेले बंगाली गृहस्थ अधिकारीवर्गात दाखल झाले. पुढे ह्याच बसू ह्यांनी मयूरभंजातील लोहखनिज शोधले आणि १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना पत्राने त्याची वर्दी दिली. तत्पूर्वीच त्यांनी संस्थेचा राजीनामा दिला होता. बढतीच्या बाबतीत काही मतभेद झाले असे म्हणतात. एवढ्या दीर्घ संसारात असे प्रसंग यावयाचेच, आणि त्यांची उजळणी करणे हे स्मरणिकेचे प्रयोजन नव्हे.

१८८१ ते १८९०: ‘धारवाड’ हे नाव

कोलारची हकिकत येथे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन ह्यास म्हैसूरच्या सरहद्दीची पाहणी करताना तेथील गावकरी बैलगाडीभर माती आणून धुताना दिसले होते. सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल नावाच्या एका निवृत्त सैनिकाने तो जुना मजकूर वाचला आणि म्हैसूर सरकारकडून खाणीची सनद मिळविली. पण भांडवल त्याच्यापाशी नव्हते. १८८० मध्ये जॉन टेलर ह्यांची पेढी तेथे उतरली. भांडवल जवळजवळ संपत आले असता जुन्या, बुजलेल्या विवरांच्या खाली चॅंपियन नावाची शीर लागली आणि कोलारचे नशीब फिरले.

हे सोने तेथेच का, आणि अन्यत्र का नाही, ह्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देण्याचा पहिला समर्थ प्रयत्न फूट ह्यांचा. कोलार, हट्टी, गदग येथील सुवर्णयुक्त पट्टे एकाच प्राचीन खडकसमूहाचे अवशेष आहेत, असे त्यांनी ओळखले आणि १८८८ मध्ये त्या समूहास ‘धारवाड’ हे नाव दिले. जगाच्या भूशास्त्रात आज आपल्या शेजारच्या शहराचे जे नाव रूढ आहे, ते विद्यापीठामुळे वा संगीतामुळे नव्हे, ह्या दगडांमुळे.

ह्या खडकांची कुळकथा अशी आहे. अडीचशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी लाव्हा फुटून पाण्यात थिजला की त्याचे उशांसारखे गोळे होतात. तसे गोळे आजही कोलारच्या कातळात स्पष्ट दिसतात. लाव्ह्यावर गाळ आणि लोहयुक्त थर साचले. पुढे भूकवचाच्या दाबाने ते सारे घडी पडून उभे राहिले, हिरवट पडले, आणि लांबच लांब भेगांनी चिरले गेले. ह्या भेगांतून खोलवरचे कढत, गंधकयुक्त पाणी वर चढले. त्यात विरघळलेले सोने अतिसूक्ष्म प्रमाणात होते. भेगेत दाब उतरला, बाजूच्या लोहयुक्त खडकाने गंधक शोषले, आणि पाण्यातले सोने सुटे होऊन गारेबरोबर बसले. म्हणून सोन्याची शीर म्हणजे पांढरी गार, असे जुने लोक म्हणत ते बरोबर. पण पांढरी गार म्हणजे सोन्याची शीर, असे मानून ज्यांनी विहिरी खणल्या, त्यांनी पैसा घालविला.

कप्पतगुड्डाच्या सोन्याची खोड ह्याहून निराळी. तेथे सोन्याचा बराचसा भाग सोमलयुक्त आणि लोहगंधकी खनिजांच्या पोटात, नुसत्या डोळ्यांना न दिसेल असा दडलेला आहे. वरचा थर हजारो पावसाळ्यांनी कुजून सोने मोकळे झाले, तेच वाहत ओढ्यात आले आणि जलगारांच्या परातीत पडले. खाली जावे तो मोकळे सोने संपते आणि दडलेले सुरू होते. दगड दळून पारा फिरविला तरी ते हाती लागत नाही. आधी भाजून काढावे लागते, मग सायनाइडच्या पाण्यात विरघळवावे लागते, आणि दर टनामागे मिळणाऱ्या दोन-चार माशांपेक्षा खर्चच अधिक होऊन बसतो. खाणीच्या तोंडाशी श्रीमंत आणि पोटात दरिद्री, असा हा डोंगर.

१८९१ ते १९१०: सांगली नावाची खाण

फूट १८९१ मध्ये संस्थेतून निवृत्त झाले आणि १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने काढलेल्या स्वतंत्र भूस्तर खात्याची घडी बसविण्यास गेले. सर्वेक्षणाच्या मुख्य गादीवर १९०३ पासून टॉमस हॉलंड होते. त्यांच्या काळी माल्कम मॅक्लॅरन ह्यांनी दक्षिणेतील सुवर्णपट्ट्यांची फेरपाहणी केली, तिचा वृत्तांत १९०६ मध्ये छापला गेला, आणि त्यात गदगेचा पट्टाही आहे.

कारण मधल्या काळात गदगेसही सोन्याचे वारे सुटले होते. कोलारचे लाभांश पाहून भांडवलदारांच्या नजरा पुन्हा धारवाडकडे वळल्या. धारवाड गोल्ड माइन्स ह्या कंपनीने कबुलायतकट्टीस विहीर उतरविली, आणि होसूर, अत्तिकट्टी ह्या भागांतही कामे निघाली. रेल्वे गदगेपर्यंत आधीच आलेली असल्याने यंत्रे चढविणे सुकर होते. कबुलायतकट्टी ह्या नावात आपल्या कानास महसुली दप्तरातला कबुलायत शब्द ऐकू येतो. त्याची व्युत्पत्ती काहीही असो, खाणपट्ट्याच्या कबुलायतींच्या त्या मोसमात हे नाव चपखल बसले होते खरे.

ह्या पट्ट्यातील जुन्या खाणींच्या यादीत दोन नावे अशी आहेत की, ती वाचून बेळगावचा वाचक क्षणभर थबकेल. एकीचे नाव ‘म्हैसूर’ आणि दुसरीचे ‘सांगली’. गदगेच्या डोंगरात सांगली कोठून आली? ह्या डोंगरालगतचा शिरहट्टी तालुका पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. त्याच संस्थानाचा दुसरा तुकडा म्हणजे आपले शहापूर. शहापुरातला सोनार आणि शिरहट्टीचा जलगार हे दोघे एकाच दरबारची रयत होते. एक सोने ओढ्यातून काढी, दुसरा ते मुशीत आटवी. ज्या काळात बेळगाव छावणीहून शहापुरात पाऊल टाकणे म्हणजे इंग्रजी अमलातून संस्थानी अमलात जाणे होते, त्या काळी दीडशे मैलांच्या आत अशा किती सरहद्दी ओलांडाव्या लागत, ह्याचा हिशेब आज करणे कठीण आहे. आणि ह्या तुकड्या-तुकड्यांच्या मुलखाचा एकसंध भूस्तरीय नकाशा त्या वेळी कोणी काढला असेल तर तो सर्वेक्षणाने.

खाणींतून थोडेबहुत सोने निघाले. परंतु खोल जावे तसा कस उतरत गेला, आणि १९११ च्या सुमारास कामे थांबली. फूट ह्यांनी जे सदतीस वर्षांपूर्वी सुचविले होते ते भागधारकांस पदरचे पैसे खर्चून कळले. विहिरी पाण्याने भरल्या. दळलेल्या दगडाचे ढीग उन्हात पांढरे पडत राहिले.

१९११ ते १९५०

ह्या चाळीस वर्षांत आपल्या परिसरात सुवर्णविषयक असे विशेष काही घडले नाही. दोन महायुद्धे झाली; संस्थेचे लक्ष अभ्रक, मॅंगनीज, क्रोमाइट, बॉक्साइट ह्यांकडे वळले. सिरिल फॉक्स ह्यांनी जांभ्यातील ॲल्युमिनियमयुक्त दगडाचा जो मोठा ग्रंथ १९२३ मध्ये लिहिला, त्याचे फळ आपल्याला मागाहून मिळाले: १९६० च्या दशकाअखेरीस बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला. ज्या तांबड्या दगडाच्या भिंतींत आपण राहतो, त्याचेच सख्खे भावंड तेथे धातूच्या वाटेला लागते. सोन्याची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने ॲल्युमिनियमवर संसार केला, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

एक प्रसंग मात्र सांगण्याजोगा आहे, जरी त्याचे श्रेय संस्थेचे नव्हे. १९१५ मध्ये निजामाच्या मुलखात रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे सी. बीडन नावाचा सोन्याच्या खाणींचा अभियंता शिरांचा माग काढीत हिंडत असता, त्याला एका गुहेत कोरीव अक्षरे दिसली. तो सम्राट अशोकाचा शिलालेख निघाला. आणि तोवरच्या लेखांतील ‘देवानां प्रिय’ म्हणजेच अशोक, हे त्या लेखातील नावामुळे निश्चित झाले. मस्कीच्या शेजारी हट्टी. तेथे प्राचीनांनी दगडास आगीने तापवून, पाण्याने विझवून, तडकलेला भाग फोडीत सहाशे फुटांहून खोल मजल मारलेली होती. अशोकाचे शासन ह्या ओसाड भागात का कोरले गेले असावे, ह्याचे एक कारण तेथील सोने असावे, हा तर्क पुष्कळांस पटला आहे, लेखकासही पटतो.

१९५१ ते १९८०: शताब्दी आणि नवे कारभारी

संस्थेची शताब्दी १९५१ मध्ये साजरी झाली त्याच वर्षी डॉ. एम. एस. कृष्णन हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. शंभर वर्षांपूर्वी एका पेटीत मावणारी संस्था ह्यापुढे झपाट्याने वाढली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव आणि धारवाड हे मुंबई राज्यातले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. त्याविषयी ह्या भागातील मराठी माणसाच्या भावना सर्वश्रुत आहेत आणि त्यांचा ऊहापोह येथे अप्रस्तुत ठरेल. त्याच महिन्यात म्हैसूर सरकारने कोलारच्या खाणी ताब्यात घेतल्या. १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली. खनिजांच्या तपशीलवार शोधाचे वेधनकाम सर्वेक्षणाकडून काढून नागपूरच्या खनिज समन्वेषण निगमाकडे सोपविले गेले, तेही १९७२ मध्येच. कामाच्या वाटणीत थोडी ओढाताण झाली. सर्वांच्या सहकार्याने ती निभावली.

कोलारच्या चॅंपियन रीफचे विवर तोवर तीन किलोमीटरांहून खोल गेले होते. इतक्या खोलीवर दगड तापलेला असतो आणि वरच्या भाराने तो तोफेसारखा फुटतो. कित्येक कामगार त्यात गेले, कित्येक दगडाच्या धुळीने फुप्फुसे झिजून गेले. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ह्याच खाणीत, वरच्या दगडाने विश्वकिरण गाळले जातात ह्या गुणाचा उपयोग करून, वातावरणात उत्पन्न होणारे न्यूट्रिनो टिपले. सोन्याचा कस उतरत चाललेल्या विवरास विज्ञानाच्या दृष्टीने तेव्हा भाव आला.

गदगेच्या जुन्या विहिरींच्या तोंडाशीही सर्वेक्षणाच्या तुकड्या ह्या काळात व पुढील दशकांत पुन्हा उभ्या राहिल्या. वेधने घेतली, चर खणले, नमुने कलकत्ता-हैदराबादेस गेले. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील अभ्यासकांनीही ह्या पट्ट्यावर निष्ठेने काम केले. सोने आहे, विखुरलेले आहे, बरेचसे दडलेले आहे. निष्कर्षाची भाषा आधुनिक झाली, आशय जुनाच राहिला.

१९८१ ते २००१: कोलारचा पडदा

ज्या दगडातून आरंभीच्या काळात दर टनामागे सुमारे चार तोळे सोने निघे, त्यातून अखेरीस तीन मासे निघू लागले. १८८० पासून अंदाजे ८०० टन सोने देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारची खाण बंद झाली. पंप थांबले आणि पाणी चढले. खाणीमागे सायनाइडने धुतलेल्या पांढुरक्या मातीच्या टेकड्या उरल्या. उन्हाळ्यात त्यांची धूळ वाऱ्याबरोबर वस्तीवर येते आणि ज्यांच्या तीन पिढ्या त्या खाणीत राबल्या, त्यांच्या अंगणात बसते. कोलारच्या उशीसारख्या लाव्ह्यास सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपले आहे.

२००१ नंतर: सद्यस्थिती

१९९७ मध्ये धारवाडातून वेगळा झालेला गदग जिल्हा आज पवनचक्क्यांसाठी ओळखला जातो. ज्या वाऱ्याने जलगारांच्या झोपड्यांची छपरे उडविली, तोच वारा आता वीज देतो, आणि ती खाण कधी संपावयाची नाही. सोन्याचा भाव चढला तसा जुन्या पट्ट्यांचा विचार पुन्हा निघाला. खासगी उद्योगांनी कप्पतगुड्डात खाणकामाचे प्रस्ताव मांडले. परिसरातील लोक, औषधी वनस्पतींचे जाणकार, आणि गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामीजी ह्यांच्यासारखे मठाधिपती विरोधात उभे राहिले. बऱ्याच घालमेलीनंतर २०१९ मध्ये ह्या डोंगराच्या सुमारे २४४ चौरस किलोमीटर क्षेत्रास वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. लेखकाच्या मते हा निर्णय योग्य झाला. टनामागे काही मासे सोन्यासाठी सबंध डोंगर दळावयाचा, आणि मागे सोमलयुक्त माती ठेवून जावयाचे, हा व्यवहार आमच्या शहापूरच्या सोनारानेही केला नसता.

सर्वेक्षण आता नकाशे संगणकावर ठेवते; ‘भूकोश’ ह्या नावाने ते भांडार कोणासही पाहता येते. देशभर मातीचे व गाळाचे नमुने घेऊन त्यांतील मूलद्रव्यांचे नकाशे तयार होत आहेत. खाणकायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टे लिलावाने दिले जातात, आणि कोणत्या जमिनीखाली काय आहे ह्याविषयी लिलावापूर्वी जो अहवाल तयार होतो, त्यातही सर्वेक्षणाचा मोठा वाटा असतो. म्हणजे फूट ह्यांनी १८७४ मध्ये जे एका तंबूत बसून केले, तेच काम आज पुष्कळ मोठ्या प्रमाणावर चालते, आणि त्याचा भार त्याच जुन्या गुणावर आहे: जे नाही ते नाही म्हणावे.

शेवटी वाचकांस एक विनंती. सांगली दरबारचे शहापूर व शिरहट्टी येथील कारभारी, खाणींचे मक्तेदार, त्यांचे कारकून, सराफ ह्यांची घराणी आजही बेळगाव, निपाणी, सांगली आणि गदग येथे नांदत आहेत. ज्यांच्या माळ्यावर, बासनात, जुन्या संदुकीत १९११ पूर्वीच्या त्या खाणींचे खाणपट्टे, कबुलायती, जमाखर्चाच्या वह्या वा पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जवळच्या अभिलेखागाराच्या हवाली करावीत; आणि तेही जमत नसेल तर निदान त्यांच्या नकला करून ठेवाव्यात.